चौदा डब्यांच्या चिठ्ठ्या

काकाजींनी माझा शाळेचा दाखला मागितला नाही. हात मागितले.

"दोन्ही पुढे कर," म्हणाले.

मी घाबरत केले. उजव्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला कात्रीचे घट्टे होते. डाव्या बोटांवर तेंदूच्या पानांचा काळपट रंग बसलेला. दोन महिने मुंबईच्या नळाचं पाणी लागूनही तो निघाला नव्हता. त्यांनी घट्ट्यावर बोट दाबून पाहिलं आणि एकदम आमच्याकडच्या बोलीत विचारलं, "भंडाऱ्याकडची का वं तू?"

मुंबईत आल्यापासून माझ्याशी कोणी असं बोललं नव्हतं. मी मान हलवली आणि मला रडूच आलं.

"बिड्या वळत होतीस?"

"हो जी."

"मंग फिल्म येईल तुले. दोन्हीत घाई चालत नाही."

अशी मी कामाला लागले. माझी शाळा सातवीनंतर सुटली होती. त्यानंतरची दहा वर्षं सूप मांडीवर घेऊन बिड्या वळण्यात गेली. तंबाखूच्या धुरळ्याने खोकला धरला, तेव्हा मोठ्या भावाने मला मुंबईला आणलं. अंधेरी पूर्वेला गाळ्यांची एक मोठी इमारत होती, तिथे तो रखवालदार होता. घाटकोपरच्या डोंगरउतारावर त्याची एक खोली. त्या खोलीत भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी. वहिनी वाईट नव्हती. पण रात्री अंथरुणं घालताना ती जागेकडे बघायची, आणि मला वाटायचं की उद्या ही मला परत धाडणार. कामाला लागले त्या दिवशी मी भावापेक्षा जास्त काकाजींच्या पाया पडले असते.

काकाजींचा गाळा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. ऐंशीच्या दशकात घरोघर व्हिडिओ शिरला तो काळ. काकाजी जुन्या सिनेमांचे हक्क घ्यायचे आणि त्यांच्या कॅसेटी काढायचे. सिनेमाची प्रिंट कुठल्या तरी गोदामातून यायची. पत्र्याचे गंजलेले डबे, त्यांत वेटोळं घालून बसलेली फिल्म, कुठे फाटलेली, कुठे पाण्याने चिकटलेली. ती नीट करायची आणि मग फिल्मवरचं चित्र व्हिडिओच्या टेपवर उतरवणाऱ्या यंत्रातून एकदाच, न अडकता, पार न्यायची. नीट करायचं काम माझं. टेबलावर दोन बाजूंना दोन चाकं, मधे काचेखाली दिवा. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीत औषधाने ओली केलेली मखमल, आणि त्या मखमलीतून फिल्म हळूहळू सरकवायची. कडेची भोकं फाटलेली असली तर ती बोटाला लागतात, डोळ्याला दिसायच्या आधी. तिथे थांबायचं. ब्लेडने वरचा थर खरवडायचा, दुसऱ्या फिल्मचा तुकडा कातरून सिमेंटने, म्हणजे फिल्मच्या खास डिंकाने, चिकटवायचा, दाबून ठेवायचं. हा एक सांधा. माझे तुकडे ओळखू यायचे. पान कापताना टोक तिरकं कातरायची सवय होती, तसंच मी तुकड्याचं एक टोक तिरकं कातरायचे. तिरकं टोक यंत्रात उचकत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि काकाजींनी ते पाहिल्यावर आल्यागेल्याला दाखवलं. "ही आमच्या गावाकडची पोरगी. इंजिनिअरले सुचणार नाही असं करते." मी मान खाली घालून चाक फिरवत राहायचे. कान मात्र तिकडे.

गाळ्यात आणखी एक माणूस होता, मालवणकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. वडील गिरणीत होते, हा कॅसेटींच्या कॉप्या काढायचा. मला तो 'बिडीवाली' म्हणायचा.

"काय गो बिडीवाले, आज किती जुड्या झाल्या?"

"सहा सांधे झाले."

"सहाच? तुझो काकाजी तुका बक्षीस देतलो बघ."

'तुझो काकाजी' असं तो मुद्दाम म्हणायचा. मला राग यायचा. वाटायचं, याला कोणाचे उपकार मानणं कळतच नाही.

त्या कामातला एक नियम इथे सांगायलाच हवा. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असते. त्या रिळात सांधे किती, भोकं किती फाटलेली, कुठे ओरखडे, सगळं त्यावर लिहायचं. कोणाची प्रिंट उसनी आणली तर चिठ्ठीच्या दोन प्रती. एक डब्यात, एक मालकाकडे. प्रिंट परत गेली की मालकाने आपली चिठ्ठी डब्यातल्या चिठ्ठीशी ताडून बघायची. आणि फिल्म एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेली तर चिठ्ठी फिल्मबरोबर जाते, डब्यात राहत नाही. मला मोठाले आकडे लिहायची भीती वाटायची, म्हणून मी रेघा मारायचे, चार उभ्या आणि पाचवी आडवी. काकाजी त्यालाही हसले नाहीत. "समजतं ना? मंग झालं," म्हणाले.

तो सिनेमा पन्नासच्या आसपासचा, मराठी, काळा-पांढरा. गाणी अजून लोकांच्या तोंडी होती म्हणून काकाजींनी घेतला. गोदामातून आलेल्या प्रिंटला कैरीच्या जुन्या खारासारखा आंबट वास येत होता. फिल्म वितळून चिकटत आली की असा वास येतो. चौदा डब्यांपैकी पाच तर उलगडलेच नाहीत, वीट झाली होती. मी तीन आठवडे खपले आणि एक दिवस काकाजींना सांगितलं, "यातून सिनेमा नाही होणार जी."

दोन दिवसांनी ते म्हणाले, "पार्ल्याला एक बाई हाय. तिच्याकडे प्रिंट हाय म्हणतात. मी दोनदा गेलो, दार उघडत नाही. तू जा."

"मी काय बोलू?"

"काही नको बोलू. हात दाखव."

विलेपार्ल्याला जुन्या दुमजली इमारतीत तळमजल्यावर त्या राहायच्या. सत्तरीला टेकलेल्या, बारीक, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतलं भांडं वाजेल. नऊवारी नेसायच्या, केस आखूड कापलेले. मी दारात उभी राहून म्हणाले, "आजी, मी त्या सिनेमाच्या..."

"आजी कोण?" त्या म्हणाल्या. "मला अख्खं पार्ले बाई म्हणतं. तूही म्हण. आणि तो पाठवणारा तुझा कोण लागतो?"

"आमच्या गावाकडचे आहेत."

"मुंबईत सगळेच चोर कोणाच्या ना कोणाच्या गावाकडचे असतात."

मी जायला वळले. पण त्यांनी आत घेतलं, चहा दिला, आणि हळूहळू सांगितलं. त्यांच्या यजमानांचा फिरता तंबू होता, जत्रांतून सिनेमे दाखवायचे. या सिनेमात बाईंनी काम केलं होतं म्हणून त्यांनी त्याची एक वापरलेली प्रिंट विकत घेतली, आणि ती तंबूत एकदाही चालवली नाही. झिजेल म्हणून. यजमान गेले, तंबू गेला, प्रिंट राहिली. पलंगाखाली ट्रंकेत चौदा डबे. दर थंडीत एक दिवस बाई सगळे डबे उघडून खोलीत मांडायच्या, हवा लागावी म्हणून. त्या अडाणी रिवाजानेच ती फिल्म वाचली होती. मी एक डबा उघडून नाकाशी नेला. काही वास नव्हता. स्वच्छ पत्र्याचा तेवढा.

"तुमचं काम कोणतं यात?" मी विचारलं.

"नवव्या डब्यात. विहिरीवर. नायिका जीव द्यायला येते आणि मी पाणी भरत असते. मी तिच्याशी बोलते. चार मिनिटं, एकही कट नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मी वीसेक सिनेमांत आहे बघ. सगळीकडे गर्दीत. या सिनेमात मी चार मिनिटं माणूस आहे."

"काय बोलता तिच्याशी?"

"ते मी नाही सांगायची. कॅसेट आली की ऐक."

मग त्यांनी माझा हात ओढून उजेडात धरला. ब्लेडचे बारीक काप होते, सिमेंटने कातडी सुटलेली. बराच वेळ बघत राहिल्या.

"त्या माणसाला मी देत नाही," म्हणाल्या. "तुला देते. तूच न्यायची, तूच आणायची."

"मीच आणीन," मी म्हणाले.

तिथेच बसून मी चौदा डबे तपासले. चौदा चिठ्ठ्या, दोन-दोन प्रती. नवव्या डब्याच्या चिठ्ठीवर सांधे सहा, फाटकी भोकं अकरा. बाईंनी आपल्या चिठ्ठ्या लाल दोऱ्याने बांधून देव्हाऱ्यात ठेवल्या. मी हसले तर म्हणाल्या, "हसतेस काय? आता देव आणि तू, दोघांच्या भरवशावर आहे."

डबे टॅक्सीने आले. काकाजींनी स्वतः खाली येऊन उतरवून घेतले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला आईची आठवण झाली.

ते काम मी जीव लावून केलं. फिल्म नीट होती, तरी एकूणएक भोक तपासलं, जुने ढिले सांधे सोडवून नवे केले. नववं रीळ आलं तेव्हा मी मालवणीला हाक मारली. आम्ही दोघं दिव्यावर वाकून बघत होतो. विहीर, रहाट, घागर कमरेवर घेतलेली तरणी बाई. ओळखू आल्या त्या हनुवटीवरून. मी चाक हाताने फिरवायचे, त्यामुळे त्यांचे ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही. फिल्म यंत्रावर चढल्याशिवाय आवाज येत नाही. शेवटी नायिका खाली बसते आणि बाई तिच्या ओंजळीत पाणी ओततात. मी ते चार-पाचदा मागेपुढे फिरवलं.

"काय सांगता गो ती तिका?" मालवणीने विचारलं.

"कॅसेट आली की ऐकू," मी म्हणाले.

टेपवर उतरवणाऱ्या यंत्राला मोठी रिळं लागतात. म्हणून दोन-दोन लहान रिळं जोडून सात मोठी करायची होती. ती मी केली. बाईंचे चौदा डबे रिकामे होऊन फळीवर राहिले. मी त्यांतल्या चिठ्ठ्या काढून मोठ्या रिळांना बांधायला घेतल्या, तेवढ्यात काकाजी मागे उभे.

"चिठ्ठ्या कायले काढतेस?"

"फिल्मबरोबर जातात ना जी."

"अवं, चार दिवसांनी याच डब्यांत परत भरायची हाय. राहू दे तिथंच. हरवतील तिकडं."

नियम मला माहीत होता. पण तो मला शिकवला कोणी? त्यांनीच. मग त्यांना तो मोडताही येत असणार, असं मला वाटलं. मी चिठ्ठ्या रिकाम्या डब्यांत परत ठेवल्या आणि झाकणं लावली.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरल्याचं पत्र आलेलं त्यांना माहीत होतं. मी रजा मागायचं धाडस केलं नव्हतं. "पंधरा दिवस जाऊन ये," म्हणाले. गाडीचं तिकीट काढून आणलं होतं. आईसाठी लुगडंसुद्धा.

"पण बाईंची प्रिंट? मीच परत नेईन असं सांगितलंय."

"तू म्हणजे मी, मी म्हणजे तू. एका गावचे ना आपण?"

मी वाकून नमस्कार केला. गाडीत रात्रभर ते लुगडं मांडीवर घेऊन बसले. गावात आईला सांगितलं, बाबा गेल्यानंतर असा माणूस भेटला नव्हता.

परत आले तेव्हा कॅसेटी तयार होत्या. वेष्टनावर नायक-नायिका. फळीवर बाईंचे डबे नव्हते.

"पोचवले," काकाजी म्हणाले. "मी स्वतः नेले. चिठ्ठ्या मीच काढून दिल्या, मीच परत ठेवल्या. बाईने ताडून पाह्यल्या, खूश झाली. रविवारी बोलावलं तिनं तुले."

मालवणी तिथेच होता. तो मान खाली घालून कॅसेटी रचत राहिला. नेहमीसारखं 'तुझो काकाजी' तरी म्हणायचा. मला लग्नाचंही विचारलं नाही त्याने.

रविवारी दुपारी बाईंनी भाड्याने व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही आणला होता. काळ्या-पांढऱ्या सिनेमाला रंगीत टीव्ही, यावरून शेजाऱ्यांची थट्टा चालली होती. खोलीत पंचवीस माणसं, दारात आणखी. बाईंनी इरकली नेसलं होतं. त्यांनी मला आपल्याजवळ खुर्ची दिली. "ही माझी डॉक्टरीण," सगळ्यांना सांगितलं. "हिने माझी प्रिंट बरी केली."

मी कॅसेट लावली. आधी जाहिराती. मग सिनेमा, आणि त्याच्या पायाशी साड्यांच्या दुकानाचं नाव सरकत जातंय. तरी चित्र सुरेख होतं. एक ओरखडा नाही. माझी छाती भरून आली होती.

"बाई, तुम्ही कधी?" मागून एक शेजारीण.

"विहीर येऊ दे, विहीर."

नायिका रडत घराबाहेर पडली. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. पडदा क्षणभर काळा झाला आणि नायिका घरात बसलेली दिसली, पदर ओला. मग गाणं सुरू झालं.

खोलीत कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. बाईंना कळलं.

"पुढे असेल," मी म्हणाले.

पुढे नव्हतं. सिनेमा संपला आणि त्याच कॅसेटवर दुसऱ्याच सिनेमांतली गाणी सुरू झाली. दारातला एक गृहस्थ म्हणाला, "बाई, तुमचा सीन बहुतेक साडीच्या दुकानात राहिला." लोक हसले. बाईंनाही हसावं लागलं.

"हसा. कॅसेटवाल्यांना काय, कातरी हातात असली की झालं. माझ्या पलंगाखाली अख्खा सिनेमा आहे. काढ गं नववा डबा, दाखव यांना माझं तोंड. नुसतं उजेडात धर, दिसतं."

मी ट्रंक ओढली. नववा डबा काढला. झाकण फिरवलं आणि कैरीच्या खाराचा वास आला.

त्या वासानंतर बघायची गरज नव्हती. तरी मी फिल्म काढली, खिडकीशी धरली. वरच्या वेटोळ्यात साबणाची रंगीत जाहिरात होती, आत ती गोदामातली चिकटलेली फिल्म. आठवा उघडला. दहावा उघडला. वजन भरेल एवढं काहीही कोंबलेलं. प्रत्येक डब्यात वर माझी चिठ्ठी.

"बाई, हे तुमचं नाही," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. देव्हाऱ्यातून लाल दोऱ्याची जुडी आणली, नववी चिठ्ठी काढली, डब्यातल्या चिठ्ठीशेजारी धरली.

"सांधे सहा. भोकं अकरा." माझ्या रेघा त्यांनी बोटाने मोजल्या. "अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मग?"

मी सांगू लागले. मोठी रिळं, रजा, लग्न. ऐकताना मला स्वतःलाच ते खोटं वाटत होतं. पंचवीस माणसांसमोर एक खेडवळ बाई सांगतेय की मी नव्हतेच, मी गावाला होते. शेजारीण म्हणाली, "बरोब्बर त्याच वेळी गावाला?" बाईंनी तिला गप्प केलं नाही.

सोमवारी मी काकाजींच्या टेबलासमोर उभी राहिले. गाळ्यात येईपर्यंत मनाशी खूप बोलले होते. तिथे एवढंच आलं, "बाईंची फिल्म कुठंय जी?"

"चांदीवाल्याकडं." ते कागदावरून मान न उचलता म्हणाले. काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या थरात चांदी असते. जुन्या प्रिंटा धुऊन ती काढतात. आमच्याकडची कामातून गेलेली फिल्म तिकडेच जायची.

"ती कामातून गेली नव्हती. मी नीट केली होती."

"म्हणूनच तर." आता त्यांनी वर पाहिलं. रागावले नव्हते. "अवं पोरी, तिच्याकडं चांगली प्रिंट राह्यली तर उद्या दुसरा कोणी तिच्या दारात जाईल, दुसरी कॅसेट काढील. मंग आपली कोण घेईल? धंदा हाय हा."

"आणि विहीर? ती टेपवर तरी..."

"घेतलीच नाही टेपवर. गाण्यांले जागा पाह्यजे. त्या जागी लोकं बटन दाबून पुढे जातात."

"मी शब्द दिला होता त्यांना."

"तू कोण शब्द देणारी?" ते शांतपणे म्हणाले. "तुले कामावर कोणी घेतलं? सातवी नापासले?"

मी सातवी पास होते. ते सांगायचं मला सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की गावचं तिकीट, लुगडं, डोक्यावरचा हात, हे सगळं त्यांनी कधी दिलं. चिठ्ठ्या डब्यांत ठेवल्या त्याच संध्याकाळी. आणि तरी, हे लिहिताना लाज वाटते, ते 'जा, टेबलावर बस' म्हणाले तेव्हा मी जाऊन बसले. मखमल ओली केली. त्यानंतर सात महिने मी तिथे काम केलं, कारण वहिनीच्या खोलीत अंथरुणाची जागा तेवढीच होती.

जेवणाच्या सुट्टीत मालवणी माझ्याजवळ आला. "माका ठावक होता," म्हणाला. "गाडीत मीच चढवलंय ती रिळां."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू आयकला असतंस? तुझो काकाजी ना तो?"

मी जेवणाचा डबा बंद केला.

"चल," तो म्हणाला. "वाकोल्याक हा तो चांदीवाला. कधीकधी महिनो महिनो हात लावत नाय मालाक."

वाकोल्याच्या गल्लीत पत्र्याची शेड. बाहेरूनच डोळे चुरचुरले. आत मोठी पिंपं, त्यांत गरम क्षाराचं पाणी, खाली राखेसारखा गाळ. त्या गाळात चांदी. गंजी घातलेला एक माणूस लाकडी दांड्याने ढवळत होता. आम्ही सांगितलं, अंधेरीहून आलेली सात मोठी रिळं. त्याने दांडा उचलून कोपऱ्याकडे दाखवला.

"वो तो धुल गया, बाई. देर हो गई."

कोपऱ्यात दोरीवर फिल्म वाळत घातली होती, शेवयांसारखी. पांढरी, पारदर्शक, तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. अशी धुतलेली फिल्म कापून शर्टाच्या कॉलरीत घालतात, कॉलर ताठ राहावी म्हणून. मी ती बोटांतून सरकवत गेले. भोकं, भोकं, भोकं. मग बोटाला एक कड लागली. तुकडा चिकटवलेला, एक टोक तिरकं. थोडं पुढे आणखी एक. सिमेंट पक्कं होतं, क्षाराच्या पाण्यातही सुटलं नव्हतं. माझा सांधा जसाच्या तसा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काही नाही.

त्या माणसाने मला हातभर तुकडा कापून दिला. "ले जाओ. किसी काम का नहीं."

मी तडक पार्ल्याला गेले. मला वाटत होतं, हे दाखवलं की बाईंना पटेल. मी केलं नाही, मलाही फसवलं, याचा माझ्याकडे आता पुरावा होता.

बाईंनी दार अर्धं उघडलं. मी बाहेरूनच सगळं सांगितलं, या वेळी नीट, क्रमाने. तुकडा दिला. त्यांनी तो उजेडात धरला, मी दाखवली ती तिरकी कड अंगठ्याने चाचपली.

"हा तुझा सांधा," त्या म्हणाल्या.

"हो."

"छान झालाय." त्यांनी तुकडा परत माझ्या हातात दिला. "यात माझं काय आहे ते दाखव."

मी तुकडा उलटसुलट केला.

"तू पाहिलंस ना मला? नवव्या डब्यात?"

"पाहिलं. चार-पाचदा."

"काय बोलते मी तिला?"

"आवाज नव्हता, बाई. हाताने फिरवत होते."

त्यांनी मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. मला वाटलं आता तरी त्या सांगतील. त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात लाल दोऱ्याची जुडी होती, तिच्याबरोबर डब्यांतल्या दुसऱ्या प्रतीही बांधलेल्या.

"तू चोर नाहीस हे मला कळतंय," म्हणाल्या. "पण मी तुझ्या अक्षराच्या भरवशावर दिलं होतं. ते अक्षर आता माझ्या घरात नको."

दार हळू लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

बसथांब्यावर मी दोरा सोडला आणि दोन्ही जुड्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. रेघेला रेघ, सांध्याला सांधा, पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत. एकही चूक नव्हती.